साविन
साविन : आयर्लंड, स्कॉटलंड आणि आइल ऑफ मॅन येथील, उन्हाळा संपून हिवाळा लागताना पाळला जाणारा सण. तो ३१ ऑक्टोबरच्या सूर्यास्ताला सुरू होऊन १ नोव्हेंबरला संपतो. हॅलोवीनचे पुष्कळसे लोकाचार यातून आले, असे सामान्यतः मानतात.

नावाची व्युत्पत्ती वादग्रस्त आहे. मध्ययुगीन आयरिश लेखक ‘साम’ (उन्हाळा) व ‘फुइन’ (अंत) अशी फोड करतात. ती बहुधा लोकव्युत्पत्ती असावी. केल्टिक भाषांचा अभ्यासक व्हिटली स्टोक्स याने सुचविलेला ‘मेळा, एकत्र जमणे’ हा अर्थ अधिक ग्राह्य वाटतो. वैदिक संस्कृतातील ‘समन’ हा शब्द त्याच कुळातला ठरतो. १८९७ मध्ये फ्रान्समधील कोलिन्यी येथे सापडलेल्या केल्ट लोकांच्या (पश्चिम युरोपातील प्राचीन जमाती) काशाच्या पंचांगात (सु. दुसरे शतक) ‘सामोनिओस’ हा महिना येतो. मात्र तो उन्हाळी की शरदातला यावर एकमत नसल्याने सणाचे प्राचीनत्व त्यावरून सिद्ध होत नाही. साविन हा केल्टिक नववर्षदिन होता, हे वेल्श अभ्यासक जॉन ऱ्हिस याचे मत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले. ब्रिटिश इतिहासकार रॉनल्ड हटन यांनी त्यावर घेतलेले आक्षेप सबळ आहेत.

सर्व संतांचा दिवस १ नोव्हेंबरला चर्चने साविनवर मात करण्यासाठी आणला, हेही तपासून घ्यावे लागते. इ. स. ८०० च्या सुमारास आयरिश चर्च तो २० एप्रिलला पाळत असे. नोव्हेंबरची तारीख जर्मानिक प्रदेशांतून आली असावी. मृतात्म्यांचा २ नोव्हेंबरचा दिवस फ्रान्समधील क्लूनीचा मठाधिपती ओदिलो याने रूढ केला. गोवा व वसईतील ख्रिस्ती कुटुंबे त्या दिवशी कबरींवर फुले वाहून मेणबत्त्या लावतात.

साविनच्या रात्री सिद्धांचे (टेकड्यांतील अमानवी लोक, मराठीतल्या सिद्धांशी संबंध नाही) दरवाजे उघडतात, अशी समजूत. एका जुन्या आयरिश कथेत क्रूअहन या राजधानीच्या राजाने साविनच्या रात्री फासावरच्या प्रेताच्या पायाला वेताची कडी अडकविण्याची पैज लावली, तेव्हा त्याच्या पदरचा नेरा एकटाच बाहेर पडला. प्रेताने पाणी मागितले आणि नेराने त्या प्रेताला पाठुंगळी घेतले. मराठी वाचकाला येथे वेताळाची आठवण होणारच. पुढे नेरा गुहेतून सिद्धांच्या राज्यात शिरतो.

होळ्या पेटविणे, वेष पालटून दारोदार फिरणे, सफरचंदांचे खेळ हे आचार परिचितच आहेत. जोडप्याच्या नावाने दोन बदाम-अक्रोडांसारखी कवचफळे निखाऱ्यावर ठेवीत. शांतपणे जळली तर संसार सुखाचा, तडतडून उडाली तर फाटाफूट. ‘बार्मब्रॅक’ या मनुकांच्या पावात अंगठी दडविलेली असे. ती ज्याच्या वाट्याला येई, त्याचे लग्न वर्षभरात. हॅलोवीनचे कोरीव कंदील मूळचे सलगमाचे. हा कंद कोरायला चिवट. अमेरिकेत गेलेल्या स्थलांतरितांना भोपळा सोयीचा पडला.