मळसूत्री स्प्रिंग, मोटारगाडीतील : झीज, तपासणी व बदल

चाक आणि गाडीचा सांगाडा यांच्यामध्ये राहून वजन तोलणारी पोलादी तारेची मळसूत्राकार गुंडाळी. व्यवहारात हिला कॉइल स्प्रिंग म्हणतात. पाट्यांच्या स्प्रिंगप्रमाणे ती चाकाला जागेवर धरू शकत नाही. ते काम आर्म (चाक सांगाड्याला जोडणारे हात) व दांड्यांचे, आणि उसळी जिरवण्याचे काम शॉक ॲब्सॉर्बरचे. जुन्या गाडीत ही वाटणी विसरली जाते व शॉक ॲब्सॉर्बरचे दुखणे स्प्रिंगच्या माथी येते.

बल आणि स्प्रिंगची लांबी यांचे प्रमाण रॉबर्ट हुक याने १६७६ मध्ये अक्षरांच्या कोड्यात दडवून छापले व १६७८ मध्ये उघड केले. मळसूत्री स्प्रिंगचे सर्वांत जुने पेटंट १७६३ मधील, ट्रॅडवेल याच्या नावावरचे मानतात. मोटारगाडीत ती प्रथम केव्हा आली याविषयी मात्र एकवाक्यता नाही. पुष्कळ ठिकाणी १९३४ हे वर्ष दिलेले आढळते. त्या वर्षी अमेरिकेतील मोठ्या उत्पादकांनी पुढच्या चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन (प्रत्येक चाक वेगळे वरखाली होईल अशी रचना) दिले आणि त्याबरोबर ही स्प्रिंग आली. परंतु १९०७ च्या सुमारास निघू लागलेल्या ब्रश रनअबाउट या लाकडी आसांच्या लहान गाडीतही मळसूत्री स्प्रिंगा होत्या. त्या दाबाऐवजी ताणावर काम करीत, म्हणून कदाचित त्यांना गणतीत धरले जात नसावे. १९३४ हे वर्ष आरंभाचे नव्हे, प्रसाराचे समजणे अधिक सयुक्तिक.

स्प्रिंग दबते तेव्हा तार वाकण्यापेक्षा मुख्यतः पिळली जाते. तिचा कडकपणा तारेच्या व्यासाच्या चतुर्थ घाताच्या सम प्रमाणात, तर वेढ्याच्या सरासरी व्यासाच्या घनाच्या व कार्यकारी (प्रत्यक्ष दबणाऱ्या) वेढ्यांच्या संख्येच्या व्यस्त प्रमाणात असतो. याशिवाय लागतो तो फक्त पोलादाचा दृढता गुणांक (पिळाला होणाऱ्या विरोधाचे माप), आणि तो वयोमानाने बदलत नाही. म्हणून ‘जुनी स्प्रिंग मऊ पडते’ हा समज जसाच्या तसा स्वीकारता येत नाही. कारागिरांचा ‘स्प्रिंग बसली’ हा शब्दप्रयोगच अधिक अचूक आहे : दीर्घकाळच्या भाराने तार किंचित कायमची पिळली जाते, मोकळी लांबी घटते व गाडी खाली येते, कडकपणा जवळजवळ तोच राहतो. हे बसणे आटोक्यात राहावे म्हणून कारखान्यातच नवी स्प्रिंग एकदा पूर्ण दाबून घेतात. गंजाची गोष्ट वेगळी. तारेचा व्यास सर्वत्र ५ टक्के घटला, तर कडकपणा सुमारे १९ टक्के उतरेल. प्रत्यक्षात गंज ठिपक्याठिपक्यांनी खातो आणि त्या खड्ड्यांतून शिणवट्याची (वारंवारच्या भाराने पडणारी) भेग निघून तार आधी तुटते.

तुटण्याची नेहमीची जागा म्हणजे खालच्या बैठकीतला (स्प्रिंग जिथे टेकते त्या वाटीतला) शेवटचा वेढा. तिथे माती व पाणी साचते, खडे घासून रंग निघतो. तुकडा बैठकीतच अडकून राहिला, तर गाडी जेमतेम सेंटिमीटरभर कलते आणि चालकाला काही कळतही नाही. चाक उतरवून, ब्रशने माती काढून, बॅटरीच्या उजेडात तारेचे टोक पाहावे. मूळ टोक बहुधा सरळ कापलेले व रंगवलेले असते. तुटलेले टोक तिरपे, दाणेदार असते. असे टोक सरकून टायरला लागू शकते.

गाडीची उंची सपाट जमिनीवर, टायरमध्ये योग्य हवा भरून, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजतात. चाकाच्या मध्यापासून मोजल्यास टायरची झीज हिशेबात येत नाही. आकडे उत्पादकाच्या पुस्तिकेशी ताडावेत. एक कोपरा खाली दिसला, तरी दोष कर्णातल्या समोरच्या कोपऱ्यात असू शकतो. बॉनेट दाबून गाडी झुलवणे ही परीक्षा शॉक ॲब्सॉर्बरची. तिने बसलेली स्प्रिंग ओळखता येत नाही.

बदलताना एका आसाच्या दोन्ही स्प्रिंगा एकदमच बदलाव्यात. तारेवरचे रंगाचे ठिपके भारश्रेणी दाखवतात. काही गाड्यांत डावी-उजवी वेगळी असते. उंची कमी करण्यासाठी वेढा कापणे ही खोड जुनी आहे : आठ कार्यकारी वेढ्यांतील एक गेला, की कडकपणा सुमारे १४ टक्के वाढतो व टोक बैठकीत नीट बसत नाही.

खरा धोका साठलेल्या ऊर्जेचा. ४,००० न्यूटन भाराखाली १५ सेंमी. दबलेल्या स्प्रिंगमध्ये ३०० जूल ऊर्जा असते, १० किग्रॅ. वजन ३ मी. उंचीवरून पडावे इतकी. म्हणून मॅकफर्सन स्ट्रटचा (स्प्रिंग व शॉक ॲब्सॉर्बर एकत्र असलेल्या खांबाचा) वरचा मधला नट, स्प्रिंग कॉम्प्रेसरने (स्प्रिंग दाबून धरणाऱ्या हत्याराने) स्प्रिंग दाबून बैठका मोकळ्या झाल्याखेरीज सैल करू नये. कॉम्प्रेसरचे हुक समोरासमोर लावून हातपान्याने आळीपाळीने थोडे थोडे आवळतात. हवेच्या पान्याने आटे खराब होतात. नव्या स्प्रिंगचे टोक खालच्या बैठकीतल्या पायरीला टेकले पाहिजे आणि कुजलेले रबरी पॅड त्याच वेळी बदलले पाहिजेत. आर्मच्या रबरी बुशांचे (सांध्यातील रबरी नळ्यांचे) बोल्ट मात्र गाडी जमिनीवर उतरवून, वजन पडल्यावरच शेवटचे आवळतात; चाक लोंबकळत असताना आवळल्यास रबर कायमचे पिळलेले राहते व लवकर फाटते. नंतर व्हील अलाइनमेंट तपासतात. मागचा भाग उचलला गेला असेल, तर हेडलाइटचा झोतही खाली आलेला असतो, तो पुन्हा जुळवावा लागतो.