इम्पोस्टर सिंड्रोम

पदवी, बढती, नावलौकिक असे कर्तृत्वाचे पुरावे हाताशी असूनही ‘आपली एवढी लायकी नाही, आजवर निभावले इतकेच, कधीतरी पितळ उघडे पडणार’ अशी मनात ठाण मांडून बसलेली धास्ती. पेशवाईतल्या भाऊसाहेबांच्या तोतयाला आपले सोंग ठाऊक होते. इथे माणूस अस्सल असूनही स्वतःलाच तोतया समजतो.

पॉलीन क्लान्स आणि सुझॅन आइम्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये या अनुभवाचे पहिले सविस्तर वर्णन केले. त्यासाठी त्यांनी दीडशेहून अधिक यशस्वी स्त्रियांशी झालेल्या कामाचा आधार घेतला. त्यांतल्या काही विद्यार्थिनींना आपला प्रवेश निवड समितीच्या चुकीमुळेच झाला असे वाटे. दोन पदव्युत्तर पदव्या, पीएच.डी. आणि बरेच प्रकाशित लेखन नावावर असलेली एक बाई तर महाविद्यालयातले उजळणीचे वर्ग घ्यायलाही स्वतःला अपात्र मानत होती.

यशाने ही भीती कमी का होत नाही, याचे क्लान्स यांनी दिलेले स्पष्टीकरण मार्मिक आहे. नवे काम आले की पोटात गोळा येतो. मग एकतर माणूस गरजेपेक्षा कितीतरी जास्त तयारी करतो, नाहीतर चालढकल करून ऐनवेळी काम उरकतो. काम फत्ते झाले की जास्त तयारी केली असेल तर श्रेय कष्टांना जाते, चालढकल केली असेल तर नशिबाला. स्वतःच्या कुवतीच्या खात्यावर काहीच जमा होत नाही आणि पुढच्या कामाला तोच गोळा पुन्हा येतो. याचे मूळ दोघींनी घरातही शोधले: काही घरांत ‘हुशार’ हा शिक्का भावंडाला मिळालेला असतो, तर काहींत मुलीला सगळे सहज जमते असे गृहीत धरलेले असते आणि पहिल्या अडचणीलाच तिचा स्वतःवरचा विश्वास उडतो.

हा अनुभव पुरुषांनाही येतो, हे पुढच्या अभ्यासांत दिसले. मात्र तो किती जणांना येतो याचा नेमका आकडा हाती लागत नाही: ६२ अभ्यासांच्या २०२० मधील आढाव्यात हे प्रमाण ९ ते ८२ टक्के असे पसरलेले आढळले. मोजमापाची पद्धत बदलली की आकडा बदलतो.

मानसिक विकारांच्या अधिकृत वर्गीकरणात याला स्थान नाही. मूळ लेखिकांनीही याला आजार म्हटले नव्हते. ‘सिंड्रोम’ हे नाव नंतर रूढ झाले. त्यावर रास्त आक्षेप आहे: जिथे बाईच्या किंवा अल्पसंख्य गटातल्या व्यक्तीच्या क्षमतेवर रोज शंका घेतली जाते, तिथे दोष कार्यालयाचा असताना उपचार मात्र तिच्यावर होतात.