साडेअठरा ग्रॅमचा हिशेब

पुणेकरांना काडतुसाचं विज्ञान परकं वाटायचं खरं तर काही कारण नाही. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून चालू आहे. पाषाणला एआरडीई आहे, शस्त्रांचं संशोधन आणि आरेखन करणारी, १९५८ मध्ये स्थापन झालेली सरकारी संस्था. इन्सास रायफलचं आरेखन तिथलंच. तिथून हाकेच्या अंतरावर, सुतारवाडीच्या बाजूला, स्फोटकं आणि दारूच्या रसायनावर काम करणारी एचईएमआरएल आहे. बालेवाडीला नेमबाजीची रेंज आहे, आणि मध्य रेल्वेच्या पुणे विभागात नोकरी करणाऱ्या स्वप्निल कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ब्राँझ मिळवल्यापासून माझ्या वर्गातल्या मुलांच्या तोंडी रायफलींची नावं वरचेवर येऊ लागली आहेत.

त्यांच्यातल्या एकीने गतिज ऊर्जेच्या तासाला विचारलं, “सर, सूत्रात वस्तुमान साधं आहे आणि वेगाचा वर्ग आहे. मग गोळी जितकी हलकी आणि वेगवान, तितकी जास्त ताकदवान, असंच ना?”

“कागदावर बरोबर आहे,” मी म्हटलं, “पण नळीत आणि नळीबाहेर काय होतं ते बघू या.”

तिला जे उत्तर दिलं ते एका काडतुसाभोवती फिरतं. त्याचं नाव ९.३×६२. गोळीचा व्यास ९.३ मिलिमीटर, पितळी केसची, म्हणजे दारू भरलेल्या नळकांड्याची, लांबी ६२ मिलिमीटर. भारतात हे नाव क्वचितच कुणी ऐकलेलं असतं, आणि इंग्रजी वाचून शिकारी बंदुकांची माहिती मिळवणाऱ्यांच्या यादीतही ते बरंच खाली असतं. माझ्या मते मध्यम बोअरच्या (बोअर म्हणजे नळीचा आतला व्यास) काडतुसांमध्ये इतकी नेमकी जमलेली रचना दुसरी नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली, आणि ते अतिशय योग्य झालं असं माझं ठाम मत आहे. मला रस आहे तो या काडतुसातल्या भौतिकशास्त्रात.

बर्लिनचा बंदूक कारागीर ओटो बॉक याने हे काडतूस १९०५ मध्ये बनवलं. गिऱ्हाईक होतं जर्मन पूर्व आफ्रिकेत, म्हणजे आजच्या टांझानियाच्या भागात, शेतीवाडी करायला गेलेला वसाहतवाला. त्याला हरणापासून रानरेड्यापर्यंत सगळ्याला पुरेल अशी एकच रायफल हवी होती, आणि इंग्लंडच्या नामांकित कारागिरांच्या जोडनळी रायफली त्याच्या खिशाला परवडणाऱ्या नव्हत्या. त्याला परवडत होती ती माउझर ९८. जर्मन सैन्यासाठी ती मोठ्या संख्येने तयार होत होती, दणकट होती आणि स्वस्त होती. बॉकने विचार उलट्या बाजूने केला. आधी काडतूस ठरवून त्याच्याभोवती बंदूक बांधण्याऐवजी त्याने विचारलं, या साध्या माउझरच्या मॅगझिनमध्ये, तोच बोल्ट (काडतूस आत ढकलून नळीचं मागचं तोंड बंद करणारा दांडा) ठेवून, जास्तीत जास्त काय बसेल? केसचं बूड त्याने नेहमीच्या माउझर काडतुसांएवढंच ठेवलं. भिंती थोड्या सरळ केल्या, केस थोडी लांब केली आणि तोंडाशी जाड, जड गोळी बसवली. मॅगझिनमध्ये पाच काडतुसं आरामात मावली.

जिम कॉर्बेटना चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला मारल्याबद्दल १९०७ मध्ये जी .२७५ रिग्बी रायफल (असे दशांश आकडे म्हणजे इंचातला व्यास) भेट मिळाली, तिचं काडतूस म्हणजे माउझरचं ७×५७. ९.३×६२ त्याच घराण्यातलं. दोन्हींची बुडं शेजारी ठेवली तर फरक डोळ्यांना कळणार नाही.

आता आकडे. ९.३×६२ ची ठरलेली गोळी १८.५ ग्रॅमची. सुरुवातीला ती सेकंदाला सुमारे ६५५ मीटर वेगाने सुटायची. आजच्या दारूने सुमारे ७२० मीटर. तुलनेसाठी १९६२ साली अमेरिकेत आलेलं ७ मिलिमीटर रेमिंग्टन मॅग्नम घेऊ. वेगाच्या शर्यतीतलं हे गाजलेलं नाव. त्याची १०.४ ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे ९०० मीटरने जाते. वेगाचा वर्ग धरून ऊर्जा काढली तर त्याला साधारण ४,२०० जूल मिळतात आणि संथ म्हणून हिणवलेल्या ९.३ ला सुमारे ४,८००. गंमत म्हणजे दोघांच्या केसमधली जागा जवळपास सारखीच आहे, पाच-साडेपाच मिलिलिटर. उलट रेमिंग्टनमध्ये दारू थोडी जास्तच जळते. मग जास्त जाळून कमी का मिळतं?

उत्तर नळीत आहे. गोळीवर पडणारं बल म्हणजे वायूचा दाब गुणिले गोळीच्या बुडाचं क्षेत्रफळ. युरोपातल्या सीआयपी मानकानुसार ९.३×६२ साठी दाबाची कमाल मर्यादा ३,९०० बार आहे (एक बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाएवढा). गोळीच्या बुडाचं क्षेत्रफळ सुमारे ६८ चौरस मिलिमीटर. म्हणजे दाब शिखरावर असताना बोटाच्या पेरापेक्षा बारीक अशा त्या वर्तुळावर अडीच टनांहून जास्त वजनाइतका रेटा येतो. त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या सव्वा ते दीड लाखपट होतं, आणि सगळा प्रकार सेकंदाच्या हजाराव्या भागात, फार तर दीड मिलिसेकंदात, आटोपतो. ७ मिलिमीटरच्या बुडाचं क्षेत्रफळ ४१ चौरस मिलिमीटर भरतं. तेवढ्याच दाबाला तिथे रेटायला जागाच कमी.

दुसरा मुद्दा वायूच्या प्रसरणाचा, आणि मला तो जास्त सुंदर वाटतो. दारू जळून झालेला वायू केसमधून निघून नळीभर पसरतो आणि पसरताना काम करतो. ६० सेंटिमीटरच्या नळीत ९.३ चा वायू गोळी बाहेर पडेपर्यंत आपल्या मूळ जागेच्या सुमारे आठपट पसरतो. ७ मिलिमीटरच्या अरुंद नळीत पाचपटच. उरलेला दाब नळीच्या तोंडाशी मोठा आवाज आणि लांब ज्वाळ होऊन वाया जातो. वाफेच्या इंजिनावर काम केलेल्या कुठल्याही अभियंत्याला हे गणित ओळखीचं वाटेल: वायूला पसरायला जागा द्या, तो तुम्हाला काम देतो. म्हणूनच ९.३ च्या रायफलीची नळी थोडी आखूड केली तरी वेग फारसा पडत नाही.

मी वर्गात इथे बेंजामिन रॉबिन्सचं नाव घेतो. १७४२ मध्ये त्याने गोळीचा वेग मोजायला टांगता लंबक वापरला. गोळी लाकडी ठोकळ्यात रुतते, ठोकळा झोका घेतो, झोक्याच्या उंचीवरून वेग काढता येतो. या प्रयोगात गोळीची बहुतेक ऊर्जा लाकूड फाडण्यात आणि उष्णतेत जाते. टिकून राहतो तो संवेग, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग. रॉबिन्सचा लंबक संवेगावरच हलतो. हाच रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीचा अभियंता म्हणून भारतात आला आणि १७५१ मध्ये कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिडमध्ये वारला. रॉबिन्सच्या लंबकासमोर आपली दोन काडतुसं उभी केली तर ७ मिलिमीटरचा संवेग येतो ९.४ आणि ९.३ चा १३.३ किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद. ऊर्जेत साधारण चौदा टक्क्यांचा फरक होता, संवेगात तो चाळीस टक्क्यांच्या पुढे जातो.

अर्थात संवेग फुकट मिळत नाही. तो खांद्यालाही परत येतो. ९.३ ची खरी किंमत कळते ती .३७५ हॉलंड अँड हॉलंडशी तुलना केल्यावर. १९१२ चं हे इंग्लिश काडतूस मध्यम बोअरचं मापदंड मानलं जातं. त्याची १९.४ ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे ७७० मीटरने सुटते आणि ५,७०० जूलच्या वर जाते, म्हणजे ९.३ पेक्षा वीस टक्के जास्त. पण धक्क्याचा हिशेब करताना गोळीबरोबर नळीतून बाहेर झेपावणाऱ्या वायूचाही संवेग धरावा लागतो. चार किलोची रायफल घेतली तर ९.३ चा धक्का साधारण ३९ जूल येतो आणि .३७५ चा ५५ च्या आसपास. पुढे वीस टक्के, मागे चाळीस टक्के. वेगाचा वर्ग इथे रायफलीच्या मागे सरकण्याच्या वेगाला लागतो, आणि तो नेमबाजाच्या विरोधात जातो. ज्याला धक्क्याची धास्ती बसते तो ट्रिगर ओढताना आधीच आक्रसतो आणि नेम चुकतो. बालेवाडीत पॉइंट टू-टूवर, म्हणजे .२२ च्या हलक्या रायफलीवर, शिकणाऱ्या पोरांनाही प्रशिक्षक पहिली सूचना हीच देतात. शिवाय .३७५ ची केस ७२ मिलिमीटरहून लांब. तिला लांब बोल्टची, महागडी रायफल लागते.

आणि लक्ष्यात शिरण्याचं काय? इथे बघायचं ते गोळीच्या छेदाच्या प्रत्येक चौरस मिलिमीटरमागे किती वजन आहे. ९.३ चं उत्तर ०.२७ ग्रॅम. .३७५ चं उत्तरही ०.२७. इन्सासची चार ग्रॅमची गोळी ०.१६ च्या आत राहते. तिचं काम वेगळं आहे, म्हणून तिला नावं ठेवायचं कारण नाही. दोन गोळ्यांचा हा आकडा सारखा असला, रचना सारखी असली आणि वेग जवळपास असला तर दोन्ही सारख्याच खोल जातात.

ओल्या, मऊ माध्यमात शिरताना गोळीच्या टोकावर येणारा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. पाण्याची घनता धरली तर सेकंदाला ७२० मीटरला तो सुमारे २,६०० बार, ९०० मीटरला ४,००० बारच्या वर. शुद्ध शिसं याच्या दहाव्या हिश्श्याचा ताणही सोसत नाही. ७२० ला शिशाचं टोक उमलतं, रुंद होतं आणि मागचा जड भाग त्याला पुढे रेटत राहतो. वेग फार झाला तर, विशेषतः जवळच्या अंतरावर, साधी गोळी उमलण्याऐवजी फुटते, तुकडे चहूकडे उडतात आणि आत जायला वजन उरत नाही. वर्गातल्या मुलीच्या प्रश्नाचं सगळ्यात पटणारं उत्तर मला हेच वाटतं. ज्या वर्गाने ऊर्जा वाढते, त्याच वर्गाने गोळीवरचा घालाही वाढतो.

लांब पल्ल्यावर मात्र वेगवान गोळीच सरस, हे मान्यच करायला हवं. दोनशे मीटर जाईपर्यंत ९.३ ची गोळी नळीच्या रेषेच्या सुमारे ४५ सेंटिमीटर खाली येते, ७ मिलिमीटरची २८. दुर्बिणीची जुळणी करून दोनशेपर्यंत हे सांभाळता येतं. तीनशेच्या पुढे ९.३ चं राज्य संपतं.

इतकं सगळं जमलेलं काडतूस मागे का पडलं? कारण मुख्यतः इतिहासातलं आहे. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीच्या वसाहती गेल्या, दुसऱ्यानंतर जर्मन कारखाने बसले आणि आफ्रिकेत ९.३ ची काडतुसं मिळेनाशी झाली. ती जागा .३७५ ने घेतली. अमेरिकेने तर मिलिमीटरात मोजलेल्या जाड बोअरला कधी आपलंसं केलंच नाही. तिने १९५८ मध्ये स्वतःचं .३३८ विंचेस्टर मॅग्नम काढलं. आपल्याकडचं कारण आणखी वेगळं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटिश सरकारने .३०३ सारखे लष्करी बोअर सामान्य लोकांना बंद केले, फौजेची काडतुसं बंडखोरांच्या हाती पडतील या भीतीने. मग हिंदुस्थानच्या बाजारासाठी ऑस्ट्रियन सैन्याचं जुनं ८×५० मॅनलिखर .३१५ या नावाने आलं आणि आजही परवानाधारकांकडे दिसतं ते तेच. त्याच्या बुडावर ‘के एफ’ अशी अक्षरं असतात, ती आपल्या खडकीची. मूळ काडतूस १५.८ ग्रॅमची गोळी सेकंदाला ६२० मीटरच्या आसपास फेकायचं: तेही जड आणि संथ घराण्यातलं, फक्त १८९० च्या सुमाराच्या दारूवर अडकलेलं.

स्वीडन आणि फिनलंडमध्ये मात्र ९.३×६२ कधीच विस्मरणात गेलं नाही. तिथल्या सूचिपर्णी जंगलात एल्क हा घोड्याएवढा सांबरवर्गीय प्राणी शंभर मीटरच्या आतच समोर येतो आणि लांब पल्ल्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

आता उत्तर युरोपात चर्चा आहे ती शिशाची. फुटलेल्या गोळ्यांचे कण शिकारीच्या अवशेषांत राहतात आणि ते खाणारे गरुड शिशाच्या विषबाधेने मरतात. कॅलिफोर्नियात काँडोर गिधाडांच्या बाबतीत हेच घडलं आणि २०१९ पासून तिथे शिकारीत शिशाच्या गोळ्यांवर पूर्ण बंदी आली. डेन्मार्कने २०२४ मध्ये तेच केलं. पर्याय तांब्याचा. तांब्याची घनता शिशाच्या चार पंचमांशाहून कमी, त्यामुळे तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते, केसमधली जागा खाते आणि स्थिर राहायला जास्त फिरकी मागते. ९.३ च्या नळीतले आटे, म्हणजे गोळीला फिरवणाऱ्या सर्पिल खाचा, ३६० मिलिमीटरमध्ये एक फेरा पूर्ण करतात, म्हणजे ७२० मीटर वेगाची गोळी सेकंदाला दोन हजार गिरक्या घेते. तांब्याची गोळी बनवणाऱ्यांनी वजन तीन-चार ग्रॅम कमी केलं आणि लांबी जुन्या गोळीच्या जवळ राखली. तांबं फुटत नाही, वजन गमावत नाही, त्यामुळे सुरुवातीला कमी असलेलं वजन शेवटपर्यंत टिकतं आणि ९.३ मिलिमीटरचं रुंद टोक आपलं काम करत राहतं.