डोळे आलेत की डोळ्यावर नागीण?

द्राक्षछाटणीनंतरच्या दिवसांत नाशिकच्या निफाड-दिंडोरीकडे कुणाचा डोळा लाल झाला, की "फवारणीचं औषध उडालं असेल" नाहीतर "डोळे आले असतील" म्हणून चार दिवस सहज निघून जातात. पण किडनी बदललेली, केमोथेरपी चालू असलेली, एचआयव्हीसह जगणारी किंवा बरेच दिवस स्टेरॉइडच्या गोळ्या घेणारी व्यक्ती असेल, तर तोच लाल डोळा नागिणीचाही असू शकतो. तिथे चार दिवस फार झाले.

डोळे येतात ते बहुधा अ‍ॅडेनोव्हायरसमुळे. आधी एक डोळा, मग दुसरा. पाणी, चिपडं, वाळू गेल्यासारखं खुपणं. हातातून, टॉवेलमधून घरभर पसरतं आणि साधारण एक-दोन आठवड्यांत निवळतं.

नागीण अशी बाहेरून लागत नाही. पूर्वी झालेल्या कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी दबून असतो, प्रतिकारशक्ती उतरली की उठतो. म्हणून पुरळाआधी दुखणं येतं: एका बाजूचं कपाळ ठणकतं, केसांतून कंगवा फिरवला तरी कळ जाते. मग पापणीवर, कपाळावर पाणीदार फोड येतात, ते बरोबर मध्यरेषेपाशी थांबतात. नाकाच्या शेंड्यावर फोड दिसला तर विशेष सावध व्हा. ती जागा आणि बुबुळ यांना एकाच मज्जातंतूच्या फांद्या जातात.

नागिणीचा वेढा पूर्ण झाला की माणूस दगावतो, ही भीती आपल्याकडे अजून आहे. त्यापायी गेरूचा लेप लावण्यात मोलाचा वेळ जातो. अ‍ॅसायक्लोव्हिरसारखी विषाणूविरोधी औषधं पुरळ उठल्यापासून ७२ तासांत सुरू झालेली उत्तम. उशीर झाला तरी जाच. प्रतिकारशक्ती फार कमी असेल तर पुरळ अंगभरही पसरतं आणि सलाईनमधून औषध द्यावं लागतं. मेडिकलमधून स्टेरॉइडचे थेंब परस्पर आणून घालू नका, विषाणू बुबुळात असेल तर जखम चिघळते.

डोळा लाल नाही, दुखत नाही, पण काळे ठिपके तरंगतात किंवा नजरेचा एक कोपरा झाकल्यासारखा वाटतो? एचआयव्हीत सीडी४ पेशी (रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशी) दर मायक्रोलिटरमागे ५० च्या खाली गेलेल्यांमध्ये सायटोमेगॅलोव्हायरस हा वेगळा विषाणू असाच गुपचूप डोळ्याच्या आतला पडदा पोखरतो. सिव्हिल असो की खासगी दवाखाना, त्याच दिवशी बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्या आणि चालू असलेली सगळी औषधं डॉक्टरांना दाखवा.