गडग्यावरची खाजकुयली आणि मेंदूतलं डोपामिन

पावसाळा सरला की कोकणात गडग्यांवर, काजूच्या बागांच्या कडेला खाजकुयलीच्या शेंगा लटकायला लागतात, आणि त्या वाळल्या की तिथून जाणारा प्रत्येक जण अंग चोरून जातो, कारण ती भुरी कुसं एकदा अंगाला लागली की खाजवून खाजवून जीव जातो. खाज सुटते ती कुसातल्या एका प्रोटीनमुळे. आतल्या बीमध्ये मात्र वेगळाच माल आहे, एल-डोपा, म्हणजे पार्किन्सन्सच्या (हात थरथरणं, हालचाल मंदावणं असा मेंदूचा आजार) पेशंटला गोळीतून देतात तेच रसायन. ते या बियांमध्ये आहे हे 1937 मध्ये मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी दाखवलं. आयुर्वेदात हीच कपिकच्छू, वैद्य ती कंपवातावर, म्हणजे अशाच थरथरीच्या आजारावर, देत आलेत, पण ती लागू का पडते हे तेव्हा कोणाला सांगता आलं नसतं.

ते कोडं सुटायला मदत झाली दुसऱ्या एका आपल्याकडच्याच झाडाची, सर्पगंधेची. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 मध्ये ब्लडप्रेशरवरचा तिचा उपयोग जगापुढे मांडला, पुढे तिच्या मुळातून रेसर्पिन वेगळं काढलं गेलं, आणि 1957 मध्ये स्वीडनच्या आर्विद कार्लसननी ते सशांना दिलं तर ससे कान पाडून निपचित बसले. मग एल-डोपाचं इंजेक्शन दिलं आणि थोड्याच वेळात ते परत हलायला लागले! डोपामिन म्हणजे मेंदूतल्या पेशी हालचालीचे निरोप ज्यानं पाठवतात ते रसायन, रेसर्पिननं मेंदूतला त्याचा साठा रिकामा केला होता आणि एल-डोपापासून मेंदूनं तो परत बनवला होता. 1960 मध्ये व्हिएन्नात पार्किन्सन्सनं गेलेल्यांचे मेंदू तपासले तर तिथेही डोपामिन खूपच कमी. कार्लसनना नोबेल मिळालं ते पार 2000 मध्ये.

हे डोपामिन बनवणाऱ्या पेशी मेंदूच्या खोल भागात एका काळसर पट्ट्यात असतात, सब्स्टँशिया नायग्रा म्हणतात त्याला, आणि पेशंटच्या मेंदूत तो पट्टा चक्क फिका पडलेला दिसतो. आता नेमक्या ह्याच पेशी का मरतात? मला यातलं सगळ्यात पटणारं कारण म्हणजे त्यांच्यावरचा लोड. एकेका पेशीच्या फांद्या इतक्या पसरलेल्या की तिची लाखो जोडण्यांची जबाबदारी, एका पंपावर अख्खी वाडी चालवावी तसं, त्यात ती कोणी न सांगता स्वतःहून सतत सिग्नल सोडत राहते, कॅल्शियम आत येतं ते बाहेर फेकायला एनर्जी लागते, पेशीतली एनर्जी बनवणारी मायटोकॉन्ड्रिया दमतात. वय वाढलं की कचरा साफ करायची यंत्रणा सगळ्यांचीच मंदावते, पण इथे तो जास्त भोवतो. अल्फा-सिन्यूक्लिन नावाचं प्रोटीन चुकीची घडी घालून गुठळ्या करतं, आणि ही बिघडलेली घडी शेजारच्या पेशीतल्या चांगल्या प्रोटीनलाही बिघडवते. या गुठळ्या लेवी नावाच्या डॉक्टरांनी 1912 मध्येच पाहिल्या होत्या.

हात थरथरायला लागेपर्यंत यातल्या साधारण निम्म्या पेशी गेलेल्या असतात. त्याच्या कितीतरी वर्षं आधी वास जातो (चुलीवर सुका बांगडा भाजला तरी पत्ता नाही), पोट साफ होत नाही, झोपेत माणूस ओरडतो, लाथा मारतो. यातलं एखादं लक्षण असलं म्हणजे पार्किन्सन्सच असं नाही हां, वास तर साध्या सर्दीनंही जातो, पण झोपेतल्या लाथा डॉक्टरांच्या कानावर घालाव्यातच.

आणि कृपा करून गडग्यावरच्या बिया कुटून खाऊ नका. बीमध्ये साधारण 4 ते 6 टक्के एल-डोपा असतं पण झाडागणिक कमी-जास्त, डोस कळायला मार्ग नाही, त्यात घरात गोळी चालू असली तर डबल, मग उलट्या, बीपी पडणं, भास. शिवाय गोळी काय, बी काय, डोपामिनची भर घालते, पेशी मरायच्या थांबत नाहीत.

गोळीचं अजून एक आहे जे आपल्याकडे जरा जास्तच लागू पडतं. एल-डोपा आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत ज्या दारानं जातं, त्याच दारानं प्रोटीनमधली अमायनो ॲसिडंही जातात. आमच्या वाडीतल्या एका आजोबांची दुपारची गोळी लागूच पडायची नाही, सकाळची मात्र मस्त, घरचे म्हणायचे गोळीच खराब. आजोबा भरपेट सुरमई जेवून उठले की गोळी घ्यायचे. डॉक्टरांनी गोळी जेवणाआधी पाऊण तास घ्यायला सांगितली आणि मोठा तुकडा रात्रीवर ढकलला, आजोबांना गोळीचं पटलं, रात्रीच्या सुरमईचं अजून पटलेलं नाही.