पगाराची तारीख आणि परळचा पैसा : मुंबईतल्या स्थानिक अर्थविकासाची पार्श्वभूमी

वस्तीचा विकास झाला का, हे ठरवायला मुंबईत हल्ली टॉवरचे मजले मोजतात. पुनर्विकासाच्या प्रत्येक जाहिरातीत ‘परिसराचा कायापालट’ असतोच. पण तिथे राहणाऱ्यांकडे पैसा येतो कुठून, आलेला पैसा वस्तीत किती हात फिरतो आणि खालची जमीन कोणाची, हे कुणी सहसा विचारत नाही. गिरणगावाचा इतिहास या अंगाने वाचला तर आजचे बरेच वाद उलगडतात.

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये ताडदेवला कापडगिरणीची कंपनी काढली आणि १८५६ मध्ये तिथे उत्पादन सुरू झालं. पुढच्या काही दशकांत परळ, लालबाग, भायखळा, वरळी हा सगळा पट्टा भोंग्यावर चालू लागला. माणसं आली ती मुख्यतः रत्नागिरी आणि साताऱ्याकडून. बहुतेक पुरुष एकटे यायचे, बायकामुलं गावी. या एकटेपणावरच गिरणगावाचं अर्थकारण उभं राहिलं. झोपायला गावकीची, म्हणजे एका गावच्या माणसांनी मिळून चालवलेली खोली, तिथेही पाळी बदलली की पथारीवरचा माणूस बदलायचा. जेवायला शेजारच्या चाळीतली खाणावळ. किराणा वाण्याकडून वहीवर. पगार काम केल्यानंतर महिन्याने हातात पडायचा, त्यामुळे नव्या कामगाराचा पहिला महिना निव्वळ उधारीवर जायचा. अडलेला माणूस पठाण सावकाराकडे जाई. रुपयामागे महिन्याला एक आणा (रुपयाचा सोळावा भाग) व्याज, म्हणजे वर्षाला पंचाहत्तर टक्के. पगाराच्या दिवशी गिरणीच्या फाटकाबाहेर सावकार काठी घेऊन उभे असत, ते याच हिशेबासाठी.

गिरणीचं कापड देशभर आणि देशाबाहेर विकलं जाई, त्याचा पैसा मजुरीच्या रूपाने परळात येई आणि तिथून खाणावळवाली, वाणी, शिंपी, न्हावी असा हात बदलत जाई. कुठल्याही स्थानिक अर्थव्यवस्थेत हे दोन भाग असतात: बाहेरून पैसा आणणारा धंदा आणि तो पैसा आत फिरवणारे धंदे. व्याज आणि भाडं ही त्यातली गळती. आता कामगार गावी घरी पाठवायचा ती मनीऑर्डर गळती म्हणायची का? परळच्या हिशेबाने होय. पण रत्नागिरी जिल्ह्यातली कित्येक घरं त्याच मनीऑर्डरवर चालायची. एका ठिकाणची गळती दुसऱ्या ठिकाणची आवक असते, आणि ‘स्थानिक’ची हद्द कुठे आखायची हा प्रश्न अर्थशास्त्रज्ञांना वाटतो तितका सोपा नाही.

या वस्तीचं कौतुक करताना एक गोष्ट झाकून चालणार नाही. साचेखात्यात, म्हणजे मागावर, मजुरी जास्त होती. पण तिथे दलित कामगारांना प्रवेश नव्हता. धोट्यातली, म्हणजे मागावर आडवा धागा नेणाऱ्या साधनातली, सुताची कांडी बदलली की सुताचं टोक तोंडाने ओढून घ्यावं लागे, आणि दलिताच्या तोंडाला लागलेला धोटा इतरांना चालत नव्हता. १९२८ च्या संपाच्या काळात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला. भोंगा सगळ्यांना एक असला तरी पगाराच्या पाकिटात जात होती.

सावकारावरचा पहिला संघटित उतारा आला तोही आधी जातीच्या आधारानेच. १९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. दोन वर्षांत, १९०६ मध्ये, मुंबईत शामराव विठ्ठल ही पतसंस्था उभी राहिली आणि १९१८ मध्ये सारस्वत. पुढे त्यांच्या बँका झाल्या. कर्जदाराला ओळखणारी, त्याच्या लग्नकार्याला हजर असणारी माणसंच कर्ज मंजूर करणार, म्हणून तारण कमी लागे आणि बुडवेगिरीही कमी. या व्यवस्थेचं बळ आणि मर्यादा दोन्ही त्यातच आहेत. ज्याचा ‘समाज’ आधीच थोडा शिकलेला आणि नोकरीत, त्यालाच पतपेढी काढता आली.

कामगारांचा सहकार त्यामानाने उशिरा आला. १९४८ मध्ये सुरू झालेल्या ग्राहक सहकारी संस्थेतून ‘अपना बाजार’ वाढला. १९६४ मध्ये काळाचौकी भागात अभ्युदय पतसंस्था निघाली. १९६८ मध्ये जॉर्ज फर्नांडिस यांच्या कामगार चळवळीतून बॉम्बे लेबर को-ऑपरेटिव्ह बँक उभी राहिली. दर महिन्याची भिशी चाळीच्या गॅलरीत चालूच होती. पण भिशीच्या पैशातून लग्न निघतं, धंद्याला भांडवल क्वचितच.

बायकांचा धागा मात्र वेगळा, आणि माझ्या मते या इतिहासातला सर्वांत शिकण्यासारखा. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातल्या लोहाणा निवासाच्या गच्चीवर सात गुजराती बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. त्यातून ‘लिज्जत’ उभं राहिलं. त्याची रचना बघण्यासारखी आहे. पीठ एकाच ठिकाणी मळलं जातं, त्यामुळे चव बदलत नाही. सकाळी बहिणी शाखेवर येऊन मळलेलं पीठ घेतात, घरी लाटतात, टोपलीवर वाळवतात आणि दुसऱ्या दिवशी वाळलेले पापड वजन करून देताना मजुरी तिथल्या तिथे घेतात. महिनाभर थांबायचं नाही, म्हणून उधारीची वही उघडायची गरज नाही. लाटणारी प्रत्येक बाई संस्थेची मालकीण आणि नफ्याची वाटेकरी. देणग्या घ्यायच्या नाहीत हे धोरण पहिल्यापासूनचं. आणि माल फक्त गिरगावात विकायचा नाही, हेही त्यांना लवकर कळलं.

खाणावळवालीचं गणित याच्या नेमकं उलट होतं. दहा बाय बाराच्या खोलीत ती दहा-वीस जणांचा दोन वेळचा स्वयंपाक करायची. धान्य, रॉकेल, भाजी आजच्या पैशाने किंवा उधारीने. खानावळीचे पैसे पगार झाल्यावर. मधल्या तीस दिवसांचं भांडवल कोण पुरवणार? वाणी आणि सावकार, किंवा तिची तांब्यापितळेची भांडी आणि मंगळसूत्र. १९७४ च्या सुरुवातीला गिरण्यांचा बेचाळीस दिवसांचा संप झाला, तेव्हा या बायकांनी कामगारांची ताटं बंद केली नाहीत आणि स्वतः कर्जात बुडाल्या. कामगारांच्या संपाचा खर्च असा बिनबोभाट खाणावळींच्या वहीवर चढला. गोवामुक्ती लढ्यातून आणि कम्युनिस्ट चळवळीतून आलेल्या प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. १९६९ मध्ये बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं होतं, दुर्बल घटकांना कर्ज द्यायचं धोरण कागदावर होतं. मंडळाने बायकांचे गट करून एकमेकींची हमी बँकेला दिली. तारण म्हणून दाखवायला शेजारणीच्या शब्दापलीकडे काही नव्हतं, तरी परतफेड झाली. बचत गट हा शब्द सरकारी झाला तो यानंतर बऱ्याच वर्षांनी.

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. पुढची हकिकत सर्वांना माहीत आहे. अर्थकारणाच्या बाजूने पाहायचं तर बाहेरून पैसा आणणारा एकमेव मोठा धंदा गेला आणि त्यावर फिरणारे सगळे धंदे एकेक करून आटले. खाणावळीतले गडी गावी परतले, वाण्याच्या वह्या बुडाल्या. घर मग कुणाच्या तरी डब्यावर, शिवणकामावर, मसाल्यावर तगलं, आणि तिथे कमावणारी बहुतेकदा बाईच होती.

तरीही एक पूंजी शिल्लक होती: जमीन. मुंबईतल्या ५८ गिरण्यांखाली सुमारे सहाशे एकर. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या कलम ५८ ने तिचे तीन वाटे ठरवले: एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेपुरती उरली. गिरणी म्हणजे बहुतेक बांधकामच, त्यामुळे शहराच्या वाट्याला तुकडे आले. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये या बदलाविरुद्ध कौल दिला, सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये तो फिरवला. दरम्यान २००५ मध्येच लोअर परळची मुंबई टेक्स्टाइल मिल, साडेसतरा एकर, ७०२ कोटींना विकली गेली. गिरणी कामगारांच्या घरांची पहिली सोडत निघायला २०१२ उजाडलं. शंभर वर्षं त्या जमिनीवर राबलेल्यांचा तिच्यावर कायद्याने काडीचा हक्क नव्हता. संपापेक्षा मला ही उणीव मोठी वाटते.

आज लोअर परळात गिरण्यांच्या काळापेक्षा कितीतरी जास्त पैसा येतो. पण पगार घेणारा संध्याकाळची लोकल पकडून दुसरीकडे जातो, खरेदी मॉलमध्ये करतो, आणि जुन्या चाळीतल्या मुलाला त्यातून मिळते ती कंत्राटदाराकडची सुरक्षारक्षकाची किंवा हाउसकीपिंगची नोकरी. सरकारी योजना आल्या, १९९७ ची शहरी रोजगार योजना, २०१३ चं शहरी उपजीविका अभियान, फेरीवाल्यांसाठी २०१४ चा कायदा. पहिल्या दोन्हींचा भर माणसाला कर्ज आणि प्रशिक्षण देण्यावर होता. जागेचा प्रश्न आला की त्या अडखळत.

सहकाराचंही सगळं गोड नाही. कामगारांच्या त्या १९६८ च्या बँकेचं नाव पुढे न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह झालं. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिच्यावर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले, खातेदार शाखांबाहेर रांगा लावून उभे राहिले, आणि ऑगस्टमध्ये ती १९१८ च्या सारस्वतमध्ये विलीन झाली. शेजाऱ्याला ओळखून कर्ज देणारी पतपेढी मोठी झाली की ती ओळख पातळ होते, आणि तिची जागा घेणारी कडक तपासणी प्रत्येक ठिकाणी वेळेवर येतेच असं नाही.

लालबागचा मसाल्याचा बाजार मात्र टिकून आहे. एप्रिल-मे मध्ये तिथे बेडगी आणि संकेश्वरी मिरच्यांची पोती ओळीने लागतात, डेखं काढायला बायका बसतात, गिऱ्हाईक समोर भाजून, कांडपावर कुटून घेतो आणि डबे भरून नेतो. यातलं बरंच गिऱ्हाईक डोंबिवली, विरार, पनवेलहून येतं, कारण चाळी सोडून गेलेली घरं मसाल्यासाठी अजून लालबागलाच येतात.