दगडावरचा रंग, पडद्यावरचा रंग

छापून आलेला लाल रंग पडद्यावरच्या लालाशी जुळत नाही, आणि डिझायनर व प्रेसवाला एकमेकांकडे बोट दाखवतात. हा वाद संगणकाच्या फार आधीचा आहे.

जर्मनीतल्या अलॉइस झेनेफेल्डरने १७९६च्या सुमारास शोधलेल्या शिळाछापात, म्हणजे दगडावर चित्र काढून छापण्याच्या तंत्रात, प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड लागे. मूळ चित्रातली छटा कोणत्या दगडावर किती उतरवायची, हे छापखान्यातला कारागीर ठरवी. त्यामुळे छापील चित्र चित्रकाराइतकंच त्याचंही असे. पुण्याच्या चित्रशाळा प्रेसमध्ये (१८७८) देवादिकांची रंगीत चित्रं अशीच घडली. तिथे चित्र काढणारा आणि छापणारा एकाच छपराखाली होते, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

छपाई कुणाच्या हाती द्यायची, हाच प्रश्न राजा रविवर्म्यांपुढे होता. त्यांची तैलचित्रं युरोपात पाठवून छापून घ्यावीत, असा सल्ला त्रावणकोर आणि बडोद्याचे दिवाण राहिलेल्या टी. माधवराव यांनी त्यांना दिला होता. रविवर्म्यांनी मात्र १८९४मध्ये मुंबईत स्वतःचाच छापखाना काढला, यंत्रं आणि तंत्रज्ञ जर्मनीहून आणले. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि अखेर फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या हाती आला. याच छापखान्यासाठी काम केलेल्या दादासाहेब फाळक्यांनीही नंतर स्वतःची प्रेस थाटली, आणि रंगीत छपाईच्या यंत्रासाठी ते १९०९मध्ये जर्मनीला गेले. मनासारखी छपाई हवी तर यंत्रापर्यंत स्वतः पोहोचायला हवं, हे दोघांनीही ओळखलं होतं.

ऑफसेट, म्हणजे प्लेटवरची शाई रबरावरून कागदावर उतरवणारी छपाई आली, दगडाची जागा धातूच्या प्लेटने घेतली. निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा असे चार रंग कॅमेऱ्याने वेगळे होऊ लागले. तरी मधला माणूस टिकून होता. डिझायनर बोर्डावर आर्टवर्क चिकटवी, वर ट्रेसिंग पेपर लावून पेन्सिलीने सूचना लिही. प्रोसेसवाला, म्हणजे छपाईची प्लेट बनवण्याआधी रंग वेगळे करणारा कारागीर, त्या वाचून प्रत्येक रंगाची फिल्म काढी, खटकलं तर फोन करी.

१९८५मध्ये पेजमेकर हे संगणकावर पानं जुळवण्याचं सॉफ्टवेअर आलं आणि डीटीपीच्या (डेस्कटॉप पब्लिशिंगच्या) लाटेत ही मधली पायरी हळूहळू गळाली. रंग वेगळे करणं, कटिंगसाठी कडेला जादा जागा सोडणं अशी सगळी कामं डिझायनरच्या टेबलावर आली. ती वर्षानुवर्षं करणाऱ्याचं ज्ञान मात्र बरोबर आलं नाही. पडदा प्रकाशाने रंग दाखवतो, कागद शाईने. मॅपलिथो हा साधा, लेप नसलेला कागद शाई पितो, लेप दिलेला गुळगुळीत आर्ट पेपर ती वर धरून ठेवतो. त्या प्रोसेसवाल्याला हे हातानेच कळत असे.

म्हणून प्रेस निवडताना मी दराआधी दोन गोष्टी विचारतो: ज्या कागदावर छापणार त्याच कागदावर प्रूफ (तपासणीसाठी नमुना छाप) मिळेल का, आणि मशीनवर छपाई सुरू होईल तेव्हा मला शेजारी उभं राहू द्याल का?